आधी संध्याकाळचं तिकीट, मग सकाळची लोकल: दक्षिण मुंबईतला एक दिवस असा आखा

आम्ही गिरगावात राहतो, त्यामुळे सुट्टी लागली की घरी पाहुणे येतात आणि प्रत्येकाच्या हातात तीच यादी असते. गेटवे, म्युझियम, राणीची बाग, हँगिंग गार्डन, चौपाटी आणि रात्री एखादं मराठी नाटक. सकाळी उत्साहाने निघतात, दुपारी तीनला कुठल्यातरी फूटपाथवर पोरं रडायला लागतात, आणि नाटकाची वेळ होईपर्यंत घरी जाऊन आडवं व्हावंसं वाटतं. डोंबिवली, विरार, पनवेलहून दिवसभरासाठी येणाऱ्यांची तर आणखीच ओढाताण. त्यांच्या दिवसाचे तीन-चार तास नुसते प्रवासात जातात.

चूक यादीत नसते, क्रमात असते. लोक सकाळपासून आखायला घेतात. हा दिवस संध्याकाळपासून मागे आखायचा असतो, कारण नाटकाची वेळ कुणासाठी हलत नाही. बाकी सगळं पुढेमागे करता येतं.

१. पहिलं काम: नाटकाचं तिकीट

निघण्याच्या चार-पाच दिवस आधी वर्तमानपत्रातल्या नाटकांच्या जाहिराती उघडा. शनिवार-रविवारचे प्रयोग तिथे एकत्र दिसतात. मोबाइलवरच्या तिकीट ॲपवरही हे प्रयोग असतात, पण कुठल्या नाट्यगृहात काय चाललंय हे जाहिरातीच्या पानावर एका नजरेत कळतं. सुट्टीच्या दिवशी प्रयोग साधारणपणे सकाळी अकराच्या सुमारास, दुपारी साडेतीन-चारला आणि रात्री आठ-साडेआठला असतात.

जास्तीत जास्त लोक इथेच फसतात. जाहिरातीत नाट्यगृहाचं पूर्ण नाव नसतं, "शिवाजी दु. ४", "यशवंत रा. ८" असं असतं. नेहमीच्या प्रेक्षकाला ते कळतं, पाहुण्याला कळत नाही. म्हणून हे पाठच करून ठेवा:

"शिवाजी" म्हणजे दादर पश्चिमेला प्लाझा सिनेमासमोरचं शिवाजी मंदिर. शिवाजी पार्क नव्हे.

"यशवंत" म्हणजे माटुंग्याचं यशवंत नाट्य मंदिर. "यशवंतराव चव्हाण" म्हणजे नरिमन पॉइंटचं चव्हाण सेंटर, मंत्रालयाजवळ. या दोघांत निम्मं शहर आहे. शिवाय पुण्यात कोथरूडलाही यशवंतराव चव्हाण नाट्यगृह आहे, त्यामुळे ॲपवर शहर कुठलं निवडलंय तेही बघा.

"रवींद्र" म्हणजे प्रभादेवीचं रवींद्र नाट्य मंदिर, सिद्धिविनायकाजवळ. "साहित्य संघ" म्हणजे गिरगावात केळेवाडीत, चर्नी रोड स्टेशनपासून चालत जाण्याजोगं.

"दीनानाथ" विलेपार्ल्याला, "प्रबोधनकार" बोरिवलीला, "कालिदास" मुलुंडला आणि "गडकरी" ठाण्याला. ही चारही नाट्यगृहं तुमच्या घराजवळ असतील तर उत्तमच, पण दक्षिण मुंबईच्या फिरण्याला ती जोडू नका.

नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये, म्हणजे नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये, जायचं असेल तर तिकिटावरचं सभागृहाचं नाव वाचा. एका आवारात टाटा थिएटर, एक्सपेरिमेंटल थिएटर, लिटिल थिएटर, गोदरेज डान्स थिएटर आणि जमशेद भाभा थिएटर अशी पाच सभागृहं आहेत. टाटा थिएटरमध्ये हजाराच्या आसपास प्रेक्षक बसतात, एक्सपेरिमेंटलमध्ये तीनशेच्या आसपास, त्यामुळे दुसऱ्याची तिकिटं लवकर संपतात. जमशेद भाभा पार समुद्राच्या टोकाला आहे. ऐन वेळी चुकीच्या दाराशी उभं राहिलात तर आवार ओलांडण्यातच घंटा होते.

जागा निवडताना माझं मत असं: लहान मुलं सोबत असतील तर मधल्या रांगांतल्या कडेच्या खुर्च्या घ्या. मध्येच उठावं लागलं तर दहा जणांचे गुडघे ओलांडावे लागत नाहीत. कानाने अधू असलेली मंडळी असतील तर थोडे जास्त पैसे गेले तरी पुढे बसा. बाल्कनीतून नाटक दिसतं, पण कुजबुजीतलं वाक्य निसटतं.

> तपासा: तारीख, वार, वेळ, नाट्यगृह आणि शहर या पाच गोष्टी मोठ्याने वाचा आणि घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी ऐकवा. मगच पैसे भरा.

२. वार बघा: सोमवार आणि बुधवार

तिकीट हातात आलं की दिवस ठरला. आता त्या दिवशी काय बंद असतं ते बघायचं.

सोमवारी काळा घोड्याजवळचं राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय, म्हणजे एनजीएमए, बंद असतं. घारापुरीची लेणीही सोमवारी बंद. बुधवारी भायखळ्याची राणीची बाग बंद आणि तिच्या आवारातलं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयही बंद. बुधवारी सार्वजनिक सुट्टी आली तर बाग त्या दिवशी उघडी ठेवून दुसऱ्या दिवशी बंद ठेवतात. म्हणजे सुट्टीला जोडून गुरुवारी रजा घेणाऱ्यांनी जास्तच सांभाळून राहावं.

छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला ठरलेली साप्ताहिक सुट्टी नाही. जहांगीर आर्ट गॅलरी अकराला उघडते, संध्याकाळी सातला बंद होते आणि प्रवेश फुकट. तिथली प्रदर्शनं दर आठवड्याला बदलतात.

माझ्या नणंदेची दोन मुलं सांगलीहून आली होती, तेव्हा मी वार न बघता त्यांना घेऊन निघाले आणि एका बंद फाटकासमोर उभी राहिले. धाकटा फाटकाच्या गजांतून आत बघत राहिला. त्याचा चेहरा मी विसरलेले नाही. तेव्हापासून निघायच्या आदल्या संध्याकाळी मी प्रत्येक ठिकाणाचं अधिकृत संकेतस्थळ बघते, नाहीतर फोन करते. डागडुजी, सरकारी कार्यक्रम, नवं प्रदर्शन लावण्याचं काम अशा कारणांनी एखादं दालन मधूनच बंद असतं.

> सावधान: नकाशाच्या ॲपवर "उघडे आहे" असं दिसतं म्हणून निघू नका. सुट्टीच्या दिवशी ती माहिती बऱ्याचदा चुकते.

३. एका दिवसाला एकच पट्टा

नाटक कुठे आहे त्यावरून पट्टा ठरवा. मी चार पट्टे मानते.

*काळा घोडा ते नरिमन पॉइंट.* वस्तुसंग्रहालय, एनजीएमए, जहांगीर, ओव्हल मैदान आणि संध्याकाळी एनसीपीए किंवा चव्हाण सेंटर. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी हाच सांगते. सगळं पायी बघून होतं. पुढचे टप्पे याच पट्ट्यावर लिहिले आहेत.

*चर्नी रोड ते मलबार हिल.* गावदेवीचं मणिभवन, म्हणजे गांधीजींचं संग्रहालय, मग वर हँगिंग गार्डन आणि समोरचं कमला नेहरू पार्क, उतरून चौपाटी, संध्याकाळी साहित्य संघ किंवा रॉयल ऑपेरा हाऊस. कमला नेहरू पार्कच्या मागे झाडांमधून जाणारी ४८५ मीटरची उन्नत पायवाट २०२५ मध्ये सुरू झाली. तिथे तासातासाचे गट असतात आणि तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं. शनिवार-रविवारी नुसतं जाऊन उभं राहिलात तर परत यावं लागण्याची शक्यता फार. सकाळी लवकरचा तास घ्या, तेव्हा पक्षी ऐकू येतात.

*भायखळा ते दादर.* लहान मुलं असतील तर हा. सकाळी राणीची बाग, उन्हं चढली की त्याच आवारातलं भाऊ दाजी लाड, मग भायखळ्याहून धीमी लोकल पकडून दादर आणि दुपारी चारचा शिवाजी मंदिरचा प्रयोग. बागेत प्लास्टिकच्या पिशव्या नेता येत नाहीत, खाऊ डब्यातच भरा.

*दादर-प्रभादेवी.* हा पट्टा फक्त नाटकासाठी. एल्फिन्स्टनचा पूल सप्टेंबर २०२५ पासून पाडकामासाठी बंद आहे, त्यामुळे परळकडून टॅक्सीने रवींद्रला येणाऱ्यांना मोठा वळसा पडतो. मेट्रोच्या सिद्धिविनायक स्टेशनला उतरणं सोपं.

घारापुरी कुठल्याच पट्ट्यात बसवू नका. गेटवेवरून बोटीने जायला तासभर, यायला तासभर आणि लेण्यांपर्यंत पायऱ्या. त्या दिवशी संध्याकाळी नाटक ठेवलंत तर पहिल्या अंकातच डोळे मिटतील.

४. यायचं कसं

रविवार असेल तर आधी ब्लॉक बघा. मध्य, हार्बर आणि पश्चिम रेल्वेवर रविवारी साधारण सकाळी दहा-अकरा ते दुपारी तीन-चार या वेळात कुठे ना कुठे दुरुस्तीसाठी ब्लॉक असतो आणि त्याची माहिती आदल्या दिवशी येते. हार्बरवाल्यांनी विशेष लक्ष द्यावं, कारण ब्लॉकमध्ये सीएसएमटीची वाहतूकच बंद असू शकते. उपाय सोपा आहे: ब्लॉक सुरू होण्याआधी दक्षिणेला पोचा. म्हणजे साडेनऊपर्यंत चर्चगेट किंवा सीएसएमटी.

मेट्रो ३ ऑक्टोबर २०२५ पासून आरेहून थेट कफ परेडपर्यंत धावते. काळा घोड्यासाठी हुतात्मा चौक स्टेशन, चव्हाण सेंटरसाठी विधान भवन. अंधेरी किंवा वांद्रे-कुर्ला संकुलाकडून ज्येष्ठांना घेऊन येणाऱ्यांसाठी हीच सर्वांत सुखाची वाट, लिफ्ट आणि सरकते जिने असल्यामुळे.

रिक्षा शोधू नका. वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला रिक्षा येतच नाही. इथे काळी-पिवळी टॅक्सी, फेब्रुवारी २०२५ पासून तिचं किमान भाडं ३१ रुपये. बेस्टचं किमान भाडं साध्या बसला १० आणि वातानुकूलित बसला १२ रुपये. सीएसएमटी ते एनसीपीए ११५ क्रमांकाची वातानुकूलित डबलडेकर आहे. मुलं असतील तर एक फेरी वरच्या मजल्यावरून जरूर करा, पुढची खिडकी मिळाली तर त्यांना दुसरं काही नको असतं.

> तपासा: परतीचं तिकीट सकाळीच काढलं का? रात्री नाटक सुटल्यावर खिडकीपुढच्या रांगेत गाडी चुकते.

५. पिशवी

एकच, खांद्याला लागणारी. मोठी बॅग संग्रहालयात सामानघरात ठेवावी लागते आणि नाट्यगृहात पायाशी अडकते. आत पाण्याची बाटली, छोटी छत्री, रुमाल, सुट्टे पैसे, ज्येष्ठांची औषधं आणि एक पातळ शाल किंवा स्वेटर. शाल मी आग्रहाने सांगते, कारण घामाने भिजलेल्या अंगाने एसी नाट्यगृहात अडीच तास बसलं की दुसऱ्या दिवशी घसा धरलेला असतो. चपला जुन्या, सवयीच्या. नवी चप्पल या दिवसासाठी काढू नका.

६. सकाळ: संग्रहालय उघडतानाच आत

चर्चगेटला उतरून ओव्हल मैदानाच्या मधल्या पायवाटेने चालत जा. एका बाजूला क्रिकेटचे सामने लागलेले असतात, समोर राजाबाई टॉवर. पंधरा मिनिटांत काळा घोडा. वस्तुसंग्रहालय सव्वादहाला उघडतं. अकरानंतर शाळांच्या सहली आणि पर्यटकांच्या बसगाड्या येतात, म्हणून पहिला तास सोन्याचा.

इथली नेहमीची चूक म्हणजे तळमजल्याच्या पहिल्या दालनापासून प्रत्येक पाटी वाचत जाणं. पाऊण तासात माणूस थकतो आणि वरच्या मजल्यावरची चित्रं न बघता बाहेर येतो. त्याऐवजी तिकीट घेताना आराखडा मागा, बाकावर बसा आणि प्रत्येकाने एकेक दालन निवडावं. चौघं असाल तर चार दालनं, बस्स. मुलं बहुतेक निसर्गविज्ञान विभाग नाहीतर शस्त्रं निवडतात. शस्त्रांच्या दालनात अकबराचं चिलखत आहे, १५८१ सालचं. बारकाईने बघायला सांगा, त्यावर अक्षरं कोरलेली आहेत.

मी स्वतः दर वेळी मीरपूरखासच्या मातीच्या मूर्तींपाशी थांबते. सिंधमधल्या बौद्ध स्तूपावरच्या या भाजलेल्या मातीच्या मूर्ती आहेत. त्यांत हातात फुलं धरून उभा असलेला एक उपासक आहे. थोडं बाजूला सरकून, प्रकाश गालावर पडेल असं उभं राहा. केसांच्या बटा आणि धोतराच्या चुण्या कुणी बोटांनी नुकत्याच दाबल्यासारख्या दिसतात. समोरून घाईने गेलात तर ते दिसत नाही. पाच मिनिटं एका मूर्तीला दिली की मुलांनाही बघणं म्हणजे काय ते कळतं, आणि मग ती पुढच्या दालनात आपणहून थांबतात.

फोटोचे नियम तिकिटाच्या खिडकीवरच विचारून घ्या. फ्लॅश कुठेच नको.

> सावधान: दोन तास झाले की बाहेर पडा, काहीही राहिलं असलं तरी. निघण्याआधी सगळ्यांनी इथलं स्वच्छतागृह वापरावं, पुढे रस्त्यावर चांगलं मिळेलच असं नाही.

७. दुपार: आधी जेवण, मग सावली

फोर्ट हा ऑफिसांचा भाग. रविवारी इथली बरीचशी उडपी हॉटेलं आणि खाऊगल्लीतल्या गाड्या बंद असतात. त्यामुळे रविवारी जेवणाची जागा आधी हेरून ठेवा किंवा घरून पोळी-भाजीचे रोल आणा. जेवण साडेबारालाच उरका. एकनंतर उघडी असलेली सगळी हॉटेलं भरतात.

जुन्या आठवणींवर विसंबू नका. जहांगीरच्या आवारातलं समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं. "तिथे चहा घेऊ" म्हणत येणारे काका-मावशी अजून भेटतात, आणि त्यांना ते सांगताना मलाही वाईट वाटतं.

जेवणानंतर जहांगीर. थंड, शांत आणि फुकट. चित्रकार बहुतेक वेळा आपल्या चित्रांजवळच बसलेले असतात. त्यांच्याशी मराठीत बोला, विचारा, हे कसं केलंत म्हणून. मुलांना विचारू द्या. ताकद उरली असेल तर समोर एनजीएमए. तिथे गोलाकार जिन्याने मजल्यामागून मजला चढायचा असतो, गुडघे दुखणाऱ्यांनी आधी लिफ्टची चौकशी करावी.

जानेवारीच्या अखेरीपासून फेब्रुवारीच्या पूर्वार्धापर्यंत काळा घोडा महोत्सवाचे नऊ दिवस असतात. त्या काळात शनिवार-रविवारी हा सगळा क्रम मोडतो, गर्दीत चालताही येत नाही. महोत्सव बघायचा तर मधल्या वारी, दुपारी या.

साडेतीन ते पाच काहीच ठरवू नका. ओव्हलच्या कडेच्या झाडांखाली बसा, किंवा हॉर्निमन सर्कलच्या बागेत. हा दीड तास वाया गेल्यासारखा वाटतो म्हणून लोक त्यात गेटवे कोंबतात आणि संध्याकाळ गमावतात. गेटवे बघायचाच असेल तर सकाळी नऊला, संग्रहालय उघडायच्या आधी. तिथून काळा घोडा दहा मिनिटांवर आहे.

पावसाळ्यात मरीन ड्राइव्हला जाण्याआधी भरतीची वेळ बघा. साडेचार मीटरच्या वरची भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र आले तर नाटकाच्या तिकिटाचे पैसे सोडा आणि घरी थांबा. रेल्वे बंद पडली तर मुलाबाळांसकट रात्र स्टेशनवर काढावी लागते.

८. संध्याकाळ: तिसऱ्या घंटेच्या आधी

आठचा प्रयोग असेल तर साडेसहाला काहीतरी खाऊन घ्या. साडेसातला नाट्यगृहाच्या आवारात. चर्चगेटहून मरीन ड्राइव्हने एनसीपीए चालत वीस-पंचवीस मिनिटं. सूर्यास्ताच्या वेळी निघालात तर ही वाटच दिवसातली सर्वांत सुंदर गोष्ट ठरते. थकला असाल तर चर्चगेटहून टॅक्सी.

पोचल्यावर क्रम असा: तिकीट हातात, स्वच्छतागृह, फोन बंद, मग खुर्ची. फोन नुसता थरथरवर ठेवू नका, बंदच करा. अंधारात उजळलेला पडदा रंगमंचावरच्या नटाला सरळ डोळ्यांत दिसतो, आणि ते लोक आपल्यासाठी तिथे उभे असतात.

पहिली घंटा झाली की चहा संपवा, दुसरीला जागेवर बसा. तिसरी झाली की दिवे जातात. एनसीपीएसारख्या ठिकाणी उशिरा आलेल्यांना मध्येच आत सोडत नाहीत, मध्यंतरापर्यंत थांबावं लागू शकतं. इतर नाट्यगृहांत सोडलं तरी टॉर्चच्या उजेडात रांग शोधताना दहा जणांचा पहिला प्रवेश बिघडतो.

मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं. बटाटेवड्याची रांग लांब असते, म्हणून पडदा पडताच घरातल्या एकाने वड्यांकडे जावं आणि दुसऱ्याने मुलांना घेऊन स्वच्छतागृहाकडे. खायचं ते बाहेरच, प्रेक्षागृहात पिशवीची चुरचुर नको. फोटो पडदा वर असताना काढू नका.

> तपासा: मध्यंतरात परतीच्या गाडीची वेळ बघा. दुसऱ्या अंकात बघायला मिळणार नाही.

९. परत

रात्रीचा प्रयोग साधारण पावणेअकरा-अकराच्या सुमारास सुटतो. कसारा, कर्जत, पनवेल, विरार अशा लांबच्या गाड्या शेवटी शेवटी विरळ होतात आणि त्यांची शेवटची गाडी ठाणे-बोरिवलीच्या शेवटच्या गाडीच्या आधी निघते. त्यामुळे लांब राहणाऱ्यांनी दुपारी चारचाच प्रयोग घ्यावा. सात-सव्वासातला मोकळे होता, चौपाटीवर अर्धा तास मिळतो आणि मुलं घरच्या अंथरुणात झोपतात.

रात्रीचाच प्रयोग असेल तर दादरला गाडी पकडण्याऐवजी शक्य तिथे चर्चगेट किंवा सीएसएमटीलाच चढा, तिथून गाडी सुटते म्हणून बसायला जागा मिळते. बायका-मुली एकट्या असतील तर रात्री पोलीस असलेला महिला डबा निवडा. झोपलेल्या मुलाची चप्पल आधी पिशवीत टाका आणि मगच त्याला उचला, उतरताना एक पाय हमखास अनवाणी असतो.